मधला तुकडा

मंगळवारी समुद्रावर होडी घालायची नाही, हा तेशीच्या किनाऱ्याचा नेम. त्या दिवशी समुद्र आपला नसतो. म्हणून सोवा दिवसभर जाळं सांधत बसला होता आणि उन्हं कलली, कंबर धरली, तेव्हा जरा पाय मोकळे करावेत म्हणून वाळूवरून चालत निघाला. नाहीतर त्याने ते पाहिलंच नसतं. पालथ्या घातलेल्या एका होडीच्या आडोशाला त्याची धाकटी मुलगी लामिले उकिडवी बसली होती. शाळेचा तपकिरी-पिवळा गणवेश अजून अंगावर होता. पुढ्यात निळ्या फुलांचं इनॅमलचं भांडं. रोज संध्याकाळी बायकोच्या घरून त्याचं जेवण यायचं ते याच भांड्यातून. झाकण तिने मांडीवर उलटं ठेवलं होतं आणि दोन बोटांनी ती मासा खात होती. घाईने नाही. घाईने खात असती तर त्याने कदाचित हाक मारली असती. ती सावकाश खात होती, जेवायला बसलेल्या माणसासारखी. काटा सापडला की तो जिभेने पुढे आणून वाळूत खोचत होती. खाऊन झाल्यावर तिने बोटं वाळूत घासली, फ्रॉकला पुसली, हुंगून पाहिली, झाकण लावलं, वरून फडकं पुन्हा तसंच बांधलं. मग भांडं डोक्यावर ठेवून ती त्याच्याच घराच्या दिशेने चालू लागली. सोवा दुसऱ्या होडीमागे सरकला. बावन्न वर्षांचा माणूस, दहा वर्षांच्या पोरीपासून लपला. आपण का लपलो ते त्याला कळलं नाही. एवढंच कळलं की छातीत काहीतरी खाली बसलं, ओल्या वाळूत पाय बसावा तसं.

मागच्या गल्लीने तो घाईघाईने घरी आला आणि आपल्या बाकड्यावर बसला, तोवर ती पोचली. ते पुरुषांचं घर. बापाचं, काकांचं, भावांचं. बायका बायकांच्या घरात, दोन गल्ल्या पलीकडे, आपापल्या आयांजवळ. ओदार्लेशी लग्न होऊन त्याला पंचवीस वर्षं झाली होती आणि या पंचवीस वर्षांत तिने त्याला काय सांगितलं, काय नाही, ते निम्मं या भांड्यातूनच सांगितलं होतं. खूश असली की रश्श्यात शेंगदाण्याचा दाटपणा यायचा. रागावली की मिरची. मोठी मुलगी पोटात असताना पहिली बातमी भांड्यानेच आणली होती, कारण त्या दिवशी मासा करपला होता आणि ओदार्लेच्या हातून मासा कधी करपत नसे. माशाचा मधला तुकडा नवऱ्याचा. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

"बाबा, आईने दिलंय," लामिले म्हणाली.

"आई काही म्हणाली?"

"नाही."

तिने भांडं त्याच्यापुढे ठेवलं आणि नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली, रिकामं भांडं परत न्यायला. त्याने फडकं सोडलं. केंकीचा, म्हणजे मक्याच्या आंबवून उकडलेल्या पिठाचा मोठा गोळा, कणसाच्या सालात गुंडाळलेला, अजून गरम. भेंडीचा रस्सा. रश्श्यात एक शेपटी. त्याने शेपटीकडे बराच वेळ पाहिलं.

"आज काय आलंय?" शेजारच्या बाकड्यावरून ओक्पोती काकांनी विचारलं. काकांचे डोळे गेले होते, पण दुसऱ्याच्या ताटाची चौकशी गेली नव्हती.

"रस्सा."

"आणि मासा? आजपण आंघोळ करून परत गेला वाटतं बायकोकडे!" काका खोकत खोकत हसले. "अरे, माझी बायको रागावली ना, तर मासा दुप्पट घालायची. म्हणायची, खा मेल्या, मग भांडू. तुझीने तर उपासालाच बसवलंय."

दोन महिने हे चालू होतं. दोन महिन्यांपूर्वी ओदार्लेची मावशी वारली आणि सोवा मयताला उशिरा पोचला. उशीर म्हणजे किती, गाणी संपली होती, माणसं पांगली होती. चूक त्याची होती. पण पाण्याच्या नळावर, चार बायकांदेखत ओदार्ले म्हणाली, "माझ्या माणसांच्या मरणाला तुला सवड नाही," आणि ते त्याला लागलं. त्याच आठवड्यात भांड्यातला तुकडा लहान झाला. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, मासाच लहान असेल. तिसऱ्या दिवशी मधला तुकडा गेला आणि नुसती शेपटी उरली. त्याने काही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मासा मागायचा, आणि कोण नवरा मासा मागतो? तो शेपटी चोखून खायचा आणि रिकामं भांडं परत पाठवायचा. आठवड्याने त्याने आपल्या जाळ्यातला वाटा ओदार्लेच्या भट्टीवर पाठवणं बंद केलं आणि बहिणीच्या भट्टीवर पाठवायला लागला. नवऱ्याने मारलेला मासा बायकोने धुरी द्यायचा, बायकोने बाजारात न्यायचा, यावरच तर त्यांचा संसार चालत आला होता. सगळ्या गल्लीने पाहिलं. ओदार्लेनेही पाहिलं, आणि तीही काही बोलली नाही. मग रात्री तिला बोलावणं धाडणंही त्याने बंद केलं. भांडं मात्र रोज येत राहिलं. तिच्या घरून, वेळेवर, गरम. त्याला वाटायचं, केवढी हट्टी बाई आहे, रोज न चुकता अपमान रांधून पाठवते.

आणि ती रोज मासा पाठवत होती. शेपटी चोखताना त्याच्या मनात ही गोष्ट हळूहळू उतरत गेली. त्याचे मासे मिळत नसताना ओदार्ले मासा कुठून आणत होती? दुसऱ्यांच्या माशांना धुरी देऊन असेल, मजुरीत मिळालेला एखादा. त्यातला मधला तुकडा त्याला. तो त्याच्या पोरीच्या पोटात जात होता. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याला फक्त फार थकल्यासारखं वाटलं. जाळं ओढून आणावं आणि पाहावं तर त्यात आपलंच दुसरं जाळं अडकलेलं, तसं.

भिंतीला टेकलेली लामिले अंगठ्याच्या नखाने गुडघ्यावरची खपली काढत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्याशी लाल तेलाचा एक ठिपका राहिला होता. हिचं आता काय करायचं? ओक्पोती काकांना नुसतं सांगायचा अवकाश. काका अजूनही पोरांना सांगत की चोराला मार नको, चोराला ओळख द्यायची. सोवाचा धाकटा भाऊ आदोतेई नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याने कुणाच्या तरी टोपलीतला खेकडा उचलला होता. त्यांच्या वडिलांनी त्याला मारलं नाही. वडील घराण्याच्या नावाला जपणारे. त्यांनी स्वतः दोरीत खेकडा ओवून तो पोराच्या गळ्यात घातला आणि त्याला गल्लीच्या स्वाधीन केलं. ओक्पोती काका तेव्हा तरुण होते, त्यांनी पत्र्याचा डबा बडवला. पोरं मागे मागे, बाया दारात. खेकडा जिवंत होता आणि आदोतेई मान जमेल तेवढी मागे घेऊन चालत होता. सोवाने काय केलं होतं? सोवा बारा वर्षांचा होता. तो पोरांत होता. पुढे कुणी आदोतेईला आदोतेई म्हटलं नाही. मिसरूड फुटलं तरी खेकडा, होडीवर चढला तरी खेकडा. लग्नाची बोलणी करायला गेले तर मुलीच्या मामाने हसत विचारलं, खेकडा म्हणतात तो हाच का? त्याच वर्षी तो दुसऱ्या किनाऱ्याला निघून गेला, आबिजानकडे, आणि वडील मेले तेव्हाही आला नाही. ओक्पोती काका आजही म्हणायचे, पण पुन्हा चोरी केली का त्याने? नाही ना? आणि त्यावर काही म्हणता यायचं नाही, कारण ते खरं होतं.

त्याने भांडं बाजूला सारलं. रस्सा निम्मा तसाच होता.

"लामिले, चल माझ्याबरोबर."

"भांडं?"

"घे बरोबर."

"पोरीला कुठे घेऊन चाललास?" काकांनी मान वळवली.

"जाळ्याला दोरी धरायला कुणीतरी लागतं."

"मंगळवारी संध्याकाळी कसली रे दोरी?"

सोवा निघाला. लामिले त्याच्या मागून चालत होती, भांडं डोक्यावर, एक हात कडेला. वाळूवर त्याच होडीशी तो थांबला. तीही थांबली. तिने होडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि भांडं खाली ठेवलं.

"मासा कुठे गेला?"

विचारणाऱ्याला ठाऊक असलेलीच गोष्ट तो विचारतो तेव्हा पोरं पाहतात तसं तिने पाहिलं. "मी खाल्ला."

"रोज?"

"रोज. शेपटी तेवढी ठेवली."

"का खाल्लास?"

ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागली. "तुम्ही माझ्यासाठी ठेवायचा ना. खाली, भांड्याच्या तळाशी. थोडासा." हे खरं होतं. जेवण आणणाऱ्या पोराला बापाने एक घास शिल्लक ठेवायचा, सगळेच बाप ठेवतात. "एकदा मी माझा आधीच काढून घेतला. तुम्ही काही बोलला नाहीत. मग दुसऱ्या दिवशी तळाशी काही ठेवलंच नाही. म्हणून मी पुन्हा आधीच घेतला. जरा मोठा. तरी काही बोलला नाहीत." ती थांबली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझ्यासाठीच ठेवताय."

सोवा होडीच्या कडेला टेकला.

"मग इथे लपून का बसतेस?"

"वारा लागतो तिकडे. जेवण गार होतं." मग ती म्हणाली, "आणि बाकीची पोरं मागतात."

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. खरं बोलत होती की नाही? बहुतेक दोन्ही. तिने ही गोष्ट आपल्याशी इतक्या वेळा सांगितली असेल की आता ती तिलाच खरी झाली असेल. त्याने तरी काय केलं होतं? भांड्यात मासा नाही एवढंच पाहिलं होतं आणि त्यावर अख्खी बायको उभी केली होती, दुष्ट, हट्टी, तोंड फिरवलेली, आणि दोन महिने तिच्याशी भांडत राहिला होता. त्या घरातून या घरात येणारी वाट पाव मैलाचीही नव्हती. त्या वाटेवर तिघंही आपापल्या जागी गप्प बसले होते.

आता एक सोपी गोष्ट होती. 'हो, मला माहीत होतं, पण आता पुरे,' असं म्हणायचं. ती मान हलवेल, भांडं घेऊन घरी जाईल. उद्यापासून तुकडा येईल. त्याला बायकोपुढे मूर्ख व्हावं लागणार नाही, पोरीच्या गळ्यात काही पडणार नाही, जिवंत नाही की मेलेलं नाही. त्याच्या जिभेवर ते शब्द आलेही. पण मग उद्या ती दुसऱ्या कुणाच्या भांड्यावरचं झाकण उचलेल, आणि तो माणूसही गप्प बसेल, लाजेने किंवा रागाने, आणि हिला वाटेल, देतायत. एक दिवस कुणीतरी गप्प बसणार नाही. त्या दिवशी डबा बडवायला काकांसारखं कुणीतरी कुठल्याही गल्लीत असतंच.

"नाही," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

तिने मान वर केली.

"मी गप्प होतो तो तुझ्या आईवर रागावून. मला वाटलं, ती मला मासा देत नाही. तू घेतलास, तो मी दिलेला नव्हता."

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशोब चालू झाला, मागे मागे जाणारा, एकेक संध्याकाळ पुन्हा उघडून पाहणारा. त्याला वाटलं, इतके दिवस हिने चोरी केलीच नव्हती. ती आत्ता झाली, माझ्या बोलण्याने. साठ दिवसांचे साठ तुकडे एका शब्दासरशी.

"म्हणजे मी चोरला," ती म्हणाली. विचारलं नाही तिने.

"हो."

"लोकांना सांगणार?"

"नाही. आईला सांगायचं. तुझं तू सांग. माझं मी सांगतो."

ओदार्ले भट्टीशी होती. मातीच्या गोल भट्ट्यांतून धूर निघत होता आणि ती जाळीवरचे मासे एकेक करून उलटत होती. दुसऱ्याचे मासे. नवऱ्याला अंगणात पाहून तिने हात थांबवला नाही.

"वाट चुकलास का? तुझ्या बहिणीची भट्टी त्या अंगाला."

"लामिलेला काही सांगायचंय."

लामिलेने सांगितलं. उभं राहून, भांडं दोन्ही हातांत धरून, एका दमात. तळाशी ठेवायच्या घासाचं काही तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "बाबांचा मासा रोज मी वाटेत खाल्ला. त्यांना माहीत नव्हतं." ओदार्लेने हातातला मासा जाळीवर ठेवला, पुढे झाली, पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हाताने तिच्या ओठाजवळचा तेलाचा ठिपका पुसून काढला. मग ती सोवाकडे वळली.

"दोन महिने?"

"हो."

"दोन महिने मी पोरींना नुसती डोकी देतेय, स्वतः रश्श्यात बोट बुडवतेय, मधला तुकडा शेपटीसकट तुला. आणि तू? तुला वाटलं मी देत नाही. तोंड होतं की नाही तुला?"

"तुलापण होतं."

"मला वाटलं दुसरी कुणी भरवतेय. म्हटलं, भांडं रिकामं येतंय ना, मग ठीक, दोन्हीकडचं खातोय."

"दुसरी? या वयात?"

"वय! वय तुला मावशीच्या मयताला चालत यायच्या वेळी आठवतं बरं." ती हसली नाही, पण तिचा आवाज जरा खाली आला. धुराने तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने खांद्याला पुसलं. तिचे खांदे उतरले होते. हे त्याने इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं, कारण तो भांडंच पाहत होता. तो म्हणाला, "मयताचं माझं चुकलं." दोन मासे उलटून झाल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून भांडं मोठी नेईल. हिचा हात नको लागायला."

"हीच आणेल."

"का?"

"मोठी आणायला लागली की गल्ली विचारेल, धाकटीचं काय झालं? आणि गल्लीला एकदा विचारायची सवय लागली की..." त्याला पुढचं म्हणायचं नव्हतं. तिलाही ऐकायचं नव्हतं. आदोतेईची गोष्ट तिला ठाऊक होती.

"आणि हिने उद्या पुन्हा खाल्ला तर?"

"तर मी विचारेन."

"मोठा आलाय विचारणारा!" ती म्हणाली. मग, "तुझ्या बहिणीला काय सांगशील? उद्याचे मासे कुठे जाणार?"

"इथे. सांगेन, मूर्खपणा केला."

"तिला ते आधीच माहीत आहे," ओदार्ले म्हणाली आणि जाळीवर पुन्हा वाकली. लामिले इतका वेळ दोघांच्या मधे उभी होती. कोणाच्या बाजूला सरकावं ते तिला कळत नव्हतं, किंवा कुणाच्याच बाजूला सरकायचं नव्हतं.

बुधवारी जाळं बरं लागलं. फार नाही. मासे ओदार्लेच्या भट्टीवर गेले आणि ते जाताना सगळ्या गल्लीने पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. त्याची बहीण फक्त दारातून म्हणाली, "संपलं का एकदाचं?" संध्याकाळी सोवा बाकड्यावर येऊन बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण गल्लीच्या तोंडाकडे पाहतोय, आणि पाहायचं नाही असं ठरवूनही पाहतोय. ती नेहमीपेक्षा उशिरा आली. भांडं डोक्यावर नव्हतं, दोन्ही हातांत छातीपाशी धरलेलं होतं, आणि आतलं काही सांडू नये अशी ती जपून चालत होती. सगळ्या गल्लीला दिसावं असं मधून चालत होती. तिने भांडं त्याच्यापुढे ठेवलं. भिंतीला टेकली नाही. समोर उभी राहिली.

"शाळेत काय शिकवलं आज?" त्याने विचारलं.

"उघडा ना, बाबा."

"उघडतो. घाई काय आहे?"

"आत्ता उघडा. माझ्यासमोर."

त्याला उघडायचं नव्हतं. उघडणं म्हणजे तपासणं, आणि तिला तपासायचं नाही असं त्याने मनात कधीच ठरवून टाकलं होतं. पण ती हलेना. त्याने फडकं सोडलं, झाकण काढलं. रश्श्यात तांबोशीचा मधला तुकडा होता, अख्खा, दोन्ही बाजूंनी कातडीसकट. ती त्याच्याकडे पाहत राहिली. शेवटी त्याने मान हलवली, तेव्हा तिने श्वास सोडला.

"काय रे, आज आला का?" ओक्पोती काकांनी विचारलं.

"आला."

"मिटलं म्हणायचं बायकोचं! बघ, मी सांगत होतो, बाई किती दिवस रुसेल?" काका एकटेच हसले.

सोवा जेवला. केंकी रश्श्यात बुडवून, हळूहळू. निम्मा मासा खाऊन त्याने उरलेला निम्मा काटे काढून तळाशी सरकवला आणि भांडं तिच्यापुढे केलं. किती दिवसांनी.

"घे."

लामिलेने तुकड्याकडे पाहिलं. तिच्या घशातून काहीतरी खाली गेलेलं त्याला दिसलं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे ना. मी देतोय."

"तुम्ही संपवा, बाबा," ती म्हणाली. "मी थांबते."

त्याने भांडं पुन्हा मांडीवर घेतलं. मासा गोड होता, ताजा होता, त्याच्याच जाळ्यातला होता. गिळायला त्याला फार वेळ लागला. ती उभीच होती, हात पाठीमागे बांधून, भांडं पूर्ण रिकामं होईपर्यंत.